हळदीखालचं नाव

"मम्मी, हे तू पढ, मी टाईप करते," असं म्हणत नीलिमाने लग्नपत्रिका माझ्यापुढे धरली तेव्हा मी मेथी निवडत होते. हात ओले नव्हते तरी मी ते पदराला पुसले. ही पत्रिका नवऱ्याच्या, किशनरावांच्या कपाटात विम्याच्या कागदांखाली पडून आहे हे मला ठाऊक होतं. दिवाळीच्या सफाईत दरवर्षी ती हाताला लागायची आणि दरवर्षी मी ती न उघडता पुन्हा तिथेच सरकवायचे. आज ती उघडी होती. वर गणपती, चारही कोपऱ्यांना वाळून करडी पडलेली हळद, मधे लाल शाईची ठसठशीत अक्षरं. नीलिमा फरशीवर मांडी घालून बसली होती आणि तिच्याभोवती पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून वाटी, चष्म्याचं घर, मोबाइल असं काहीबाही ठेवून दाबलेले कागद पसरले होते. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, ती अविवाहित असल्याच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा. जर्मनीतल्या ज्या गावी ती नोकरी करते तिथल्याच टोबियासशी तिचं लग्न ठरलंय आणि तिथल्या नोंदणी कचेरीने मागितलेले कागद जमवायला ती तीन आठवड्यांची रजा काढून आली होती. कचेरीला तिच्या आईवडिलांच्या लग्नाचा दाखलासुद्धा हवा होता. आता आमच्या लग्नाची नोंद कुणी केली होती! गावाकडे अक्षता पडल्या, पंगत उठली की लग्न झालं. तेव्हा मलकपेठेतल्या वकिलाने तोड काढली, की जुनी पत्रिका द्या, नोंद आता करून घेऊ, आणि पत्रिकेचं इंग्रजी भाषांतर शिक्क्यानिशी जोडू. किशनराव लगेच उठून कपाटाकडे गेले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी वाचू लागले. आमचे येथे श्रीकृपेकरून, इथपासून सगळं. नीलिमाची मराठी बोलण्यापुरती. अक्षरं लावत ती दुकानाची पाटी वाचेल, पण जोडाक्षर आलं की तिचं अडतं. हैदराबादेत वाढलेल्या पोरांचं असंच असतं आणि आजवर मला त्याचं वाईट वाटत आलं होतं. "श्रीमान," मी वाचलं, आणि पुढे छापलं होतं उमाजी माणिकराव. माझ्या तोंडून निघालं, "अप्पाराव." मी ठरवलं नव्हतं. जीभ आपली आपण वळली. "अप्पाराव यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. पद्मावती." नीलिमाने टाईप केलं, "हौ, आजोबा," असं स्वतःशी पुटपुटली आणि पुढे म्हणाली, खाली हे बारीक काय लिहिलंय? खाली लिहिलं होतं, आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं, चि. युवराज. मी म्हटलं, काही नाही, आहेर आणू नये असं लिहिलंय. मग मी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली आणि पानं टाकून काड्याच ताटात जमवू लागले.

अप्पाराव माझे वडील. मी त्रिवेणी. हे नाव मी मनातल्या मनातसुद्धा फार वेळा घेत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर ते आहे आणि ती गुणपत्रिका माहेरी कुठे गेली कुणास ठाऊक. लग्नात नवरीचं नाव बदलायची आपल्याकडे रीतच आहे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. माझ्या मैत्रिणींनी आपापली नवी नावं आधीच चोरून विचारून ठेवली होती. मीही विचारायला हवं होतं. माझं लग्न देवळात झालं, पाच माणसांत, पत्रिका न छापता, कारण किशनरावांचं ते दुसरं होतं आणि पहिली जाऊन सहाच महिने झाले होते. कावीळ झाली, अंगावर काढली आणि गेली. तिची अकरा महिन्यांची मुलगी एव्हाना दीड वर्षाची झाली होती. सासूबाई सखूबाई तिला कडेवर घेऊन उभ्या होत्या. किशनराव ताटापुढे बसले, अंगठी काढली, आणि तांदळात त्यांनी प लिहिला, मग द्मा. मला वाटलं, चुकले. सवयीने चुकले असतील, आता हाताने पुसतील. त्यांनी व लिहिला, ती लिहिला, अंगठी पुन्हा बोटात घातली. सासूबाई म्हणाल्या, नाव तेच राहू दे, रेशनकार्ड नको बदलायला, आणि लेकराला आई बदलली असं कधी वाटायला नको. देवळातल्या बायकांना ते फार पटलं. कुणीतरी म्हणालं, किती विचार केलाय. मी त्या ताटाकडे बघत बसले होते. मग पुरोहितांनी ते तांदूळ गोळा करून माझ्याच ओटीत घातले.

गळ्यात त्याच दिवशी तिचा चांदीचा टाकही आला. पहिलीचा टाक दुसरीने घालायचा, म्हणजे ती छळत नाही. नखाएवढी चपटी बाई, हात जोडून उभी. नीलिमा लहान असताना दूध पिता पिता तो धरून झोपायची. मी तिला बाटलीचं दूध पाजायचे, तो तोंडात घालू नको म्हणून दटावायचे, आणि ती तो चोखतच झोपी जायची. आपण कुणाला चोखतोय हे तिला कुठलं माहीत! मला नंतर मूल झालं नाही. पहिली दोन वर्षं मला त्याचं दुःख झालं आणि पुढे मी सुटकेचा श्वास टाकला, खोटं कशाला बोलू. दुसरं झालं असतं तर दोघांत फरक करताना मी पकडले गेले असते. नीलिमाला मी वाढवली. कांजिण्यांत सोळा दिवस तिच्या अंगाला कडुनिंबाचा पाला लावत बसले होते. दिलसुखनगरच्या क्लासला सोडायला आणायला चार वर्षं मीच होते. ती माझ्यासारखी चालते, माझ्यासारखी शिंकते. लोक सांगतात तोंडावळा माझाच आहे, आणि असं सांगितलं की मी दिवसभर हवेत असते. आता सगळं या एका पत्रिकेशी येऊन थांबलं होतं. तिला कळलं तर ती मला काय म्हणेल याची भीती नव्हती. काहीही म्हणू दे. मम्मी म्हणायची थांबेल, एवढीच भीती होती.

किशनरावांना मी गाठलं ते बाल्कनीत, ते तुळशीला पाणी घालत असताना. माणूस विजेच्या खात्यातून निवृत्त झाला पण कारकुनी सुटली नाही. त्यांच्या मते कागद जुळले की जग जुळलं. पत्रिकेत पद्मावती, आधारकार्डात पद्मावती, पोरीच्या जन्मदाखल्यात आईचं नाव पद्मावती, लग्न पंचाण्णवचं, जन्म सत्त्याण्णवचा. उलट देवळातलं लग्न दाखवलं तर पोर लग्नाआधीची ठरते, ते चालेल का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, अहो, पण उमाजींचं नाव? भाषांतर करणाऱ्या बाई तर वाचणारच. त्यांनी क्षणभर तांब्या तसाच धरला आणि म्हणाले, "तू सांगायचं, माझ्या बापाला दोन नावांनी वळखायचे. कोण बघायलंय? तू गप ऱ्हायलीस की कुणाला काही कळत नाही. इतकी वर्षं ऱ्हायलीस की." मला नावाने ते कधी हाक मारत नाहीत. ऐकलं का, म्हणतात. तांदळात लिहिलेलं ते नाव त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही, आणि माझं त्यांना आठवत असेल असं वाटत नाही.

मंगळवारी नोटरीकडे गेलो. आमची मुलगी अविवाहित आहे असं आम्ही दोघांनी शपथेवर लिहून द्यायचं होतं. टेबलामागच्या कारकुनाने अंगठ्याने रेघ दाखवली, "अम्मा, यां साइन मारो," आणि मी पेन टेकवणार तेवढ्यात सहज विचारावं तसं विचारलं, "बच्ची की मां आपीच है ना?" नीलिमा हसली. हा प्रश्न तो सगळ्यांनाच विचारत असणार. मी मान हलवली पण माझ्या पाठीवरून घामाचा एक थेंब सरळ खाली उतरत गेला आणि तो कंबरेपर्यंत पोहोचेस्तोवर मी सही करू शकले नाही. परतताना रिक्षात नीलिमा सांगत होती, कधी कधी तिकडची वकिलात इथे माणूस पाठवते, तो शेजारी चौकशी करतो, गावातही जातो. "खूप स्ट्रिक्ट असतात, मम्मी. पण आपलं सगळं क्लिअर आहे. तू काहून टेन्शन घ्यायलीस?" मग ती टोबियासच्या घरचं सांगू लागली. त्याला दोन आया आहेत. एक जन्म दिलेली, एक वडिलांनी नंतर केलेली, आणि नाताळला तो दोघींकडे जेवतो. तिला त्याची मोठी गंमत वाटते. मी विचारलं, त्याला कळलं कधी? ती म्हणाली, कळायचं काय त्यात, त्याला माहीतच होतं. मी रिक्षाबाहेर रेसकोर्सची भिंत बघत राहिले. तेव्हापासून घरातली बेल वाजली की मला चौकशीचा माणूस दिसायचा. इस्त्रीवाला आला तरी तोच. समोरच्या गीताने ताक आणून दिलं तर मला वाटलं, ही इतकी गोड का बोलतेय, हिला कुणी काही विचारलं असेल काय.

खरं म्हणजे माझ्या दारी एकदा तसा माणूस आला होता. नीलिमा तीन वर्षांची होती. आम्ही नुकतेच हैदराबादला आलो होतो, दोन खोल्यांत राहत होतो. दुपारी दार वाजलं म्हणून उघडलं तर पायरीवर एक म्हातारा, डोक्याला रुमाल, पायांत धुळीने पांढऱ्या झालेल्या वहाणा, हातात शेंगांची पिशवी. उदगीरकडून बस बदलत बदलत आले होते. म्हणाले, मी उमाजी. आणि मग जरा थांबून, पद्माचा बाप. मला त्या क्षणी वाटलं ते माझंच नाव घेतायत. सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं की त्या घरचं कुणी आलं तर उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस, पोरीच्या कानावर काही जाता कामा नये. सासूबाईंवर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या गावी होत्या आणि दारात मी एकटी उभी होते. मी त्यांना पाणी दिलं. दार अर्धंच उघडं ठेवलं. पोर कुठंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाहेर गेलीय, तिच्या पप्पांबरोबर. ते म्हणाले, "बसतो की मग हितंच, पायरीवर. एकदा बघतो आन् जातो. तुम्हाला तरास नाही द्यायचा, माय." आणि बसले. मी दार लोटून आत दाराला पाठ लावून उभी राहिले. पोर आत गादीवर झोपलेली. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती उठली, आणि उठली की ती रडायचीच, भोकाड पसरून. पायरीवरचे ते उठून उभे राहिले हे मला दाराच्या फटीतून दिसलं. त्यांचा चेहरा उजळला होता. तो चेहरा मला अजून दिसतो. "उठली वाटतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "शेजारचं लेकरू आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान हलवली, शेंगांची पिशवी उंबऱ्यालगत ठेवली आणि वहाणा पायांत सरकवून गेले. त्या शेंगा मी भाजून पोरीला खायला घातल्या. टाकून देववेना. पुन्हा ते कधी आले नाहीत. मी त्यांना आत घेतलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी तिला मांडीवर घेतलं असतं, माझ्या पद्माचे डोळे म्हटलं असतं. तेवढंच. पण मला वाटलं, हे तिला घेऊन जातील. शेंगांच्या पिशवीत घालून नेतील असंच जणू. भिणाऱ्या माणसाला अक्कल नसते.

बुधवारी नीलिमा फोटो काढायला आणि झेरॉक्स करायला दिलसुखनगरला गेली. किशनराव जेवून पडले होते. मी पत्रिका काढली, स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली. ब्लेडने खरवडायचा विचार मनात आला, पण कागद फाटला असता. मग हळदीच्या डब्याकडे लक्ष गेलं. पत्रिकेला हळद असतेच. कोपऱ्यांना आहे ती थोडी मधेही सांडली असती तर कुणाला काय नवल? चिमूटभर हळद तळहातावर घेऊन दोन थेंब पाण्यात कालवली आणि बोटाने त्या नावावर लावली. उमाजी माणिकराव. एक बोट, मग पुन्हा एक बोट. माझ्या लग्नात हळद अशी नीट लागलीच नव्हती, घाईत काय ती कपाळाला टेकवली होती. बोट फिरवताना टाक पदराबाहेर येऊन ओट्यावर टेकला, बारीक आवाज झाला आणि मी अशी दचकले की पाण्याची वाटी सांडली. फुंकर घालून घालून कागद वाळवला. वाळल्यावर पाहिलं, आणि मला रडू आणि हसू एकदमच आलं. आधी बाकीच्या मजकुरात ते नाव हरवून तरी जात होतं. आता सगळ्या पत्रिकेत तेवढंच पिवळ्यावर लाल उठून दिसत होतं. लांबून सुद्धा आधी तिकडेच नजर जात होती. पुसायला गेले तर हळद आणखी पसरली. माझ्या बोटाला ती गुरुवारपर्यंत तशीच होती, साबणाने घासूनही.

गुरुवारी आम्ही दोघी भाषांतर करणाऱ्या भामाबाईंकडे गेलो. त्या विद्यानगरला राहायच्या, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. टेबलावर शब्दकोश, शिक्का, आणि बशीखाली झाकलेला चहा. त्यांनी नीलिमाला इकडचं तिकडचं विचारलं, जावई परदेशचा म्हणून कौतुक केलं, आणि भिंग घेऊन पत्रिका वाचायला घेतली. मी नीलिमाशेजारी बसले होते. खोलीत घड्याळ नव्हतं आणि मला एखादं असावं असं फार वाटत होतं. भामाबाईंनी पत्रिका खिडकीकडे धरली, हळदीवरून अंगठा फिरवला आणि तो पाहिला. "ही ताजी दिसते," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. मग त्या मोठ्याने वाचू लागल्या, शिकवणाऱ्या माणसाच्या स्वच्छ आवाजात. श्रीमान उमाजी माणिकराव यांची ज्येष्ठ कन्या.

"नाही मॅडम, अप्पाराव आहे तिथे," नीलिमा म्हणाली. "मम्मीने पढलंय. माझे आजोबा ना, अप्पाराव." भामाबाईंनी पत्रिका तिच्यापुढे धरली आणि अक्षराखाली पेन्सिल टेकवली. उ. मा. जी. नीलिमा लहान मुलीसारखी ओठ हलवत ते लावत गेली. तीन सुटी अक्षरं, एकही जोडाक्षर नाही. मला आठवलं, हे अक्षर लावणं तिला मीच शिकवलं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत, पाटीवर, तेही तिला पेप्सीकोल्याची लाच देऊन. भामाबाई म्हणाल्या, बाळ, दोन नावं असतात कधी कधी, घरचं एक, कागदावरचं एक. तसं असेल तर मी तळटीप देते. तसंच आहे का? हे त्यांनी मला विचारलं. म्हणजे किशनरावांनी शिकवलेलं खोटं बोलायचेही मला कष्ट नव्हते, त्या बाईनेच ते तयार करून पुढ्यात ठेवलं होतं. मान हलवली की झालं असतं. नोटरीकडे हलवली होती तशीच. नीलिमाने हात माझ्या मनगटावर ठेवला, "मम्मी, बोल ना," आणि पदर सरला, बोटाची हळद वर आली. तिने ती पाहिली. माझ्या बोटाकडे पाहिलं, पत्रिकेकडे पाहिलं. ती हुशार आहे. लहानपणापासून हुशार आहे.

मी म्हटलं, "उमाजीच बरोबर आहे. ते तुझे आजोबा. माझे वडील नव्हेत." आणि मग मी सांगितलं. फार लांबण लावली नाही. पद्मावती म्हणून एक होती, ही तिची पत्रिका, तिला कावीळ झाली, तू अकरा महिन्यांची होतीस. मी नंतर आले, माझं नाव त्रिवेणी. स्वतःच्या तोंडून ऐकताना ते नाव मला परक्याचं वाटलं. तुझे कागद आता अडतील, असंही मी म्हटलं, आणि वकिलाला नव्याने विचारावं लागेल, पप्पा चिडतील. बोलता बोलता मी मोकळ्या हाताने टाक काढून टेबलावर ठेवला, भामाबाईंच्या शिक्क्याशेजारी. हा तिचा आहे, म्हटलं. नीलिमाने त्याला हात लावला नाही, नुसती बघत राहिली. भामाबाई उठून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी वाट बघत होते की ती रडेल, ओरडेल, आजवर का नाही सांगितलं म्हणून भांडेल. त्या सगळ्यासाठी मी तीन दिवसांत मनाशी उत्तरं जुळवून ठेवली होती. तिने विचारलं ते निराळंच.

"ते कधी आले नाहीत का मला बघायला? उमाजी?"

याचंसुद्धा उत्तर माझ्याजवळ होतं. नाही म्हणायचं होतं. ते ऐकणारं, खोडून काढणारं माणूस या हैदराबादेत कुणी नव्हतं. तिचा हात अजून माझ्या मनगटावर होता, गरम, थोडा घामेजलेला, कांजिण्यांत असायचा तसा.

"आले होते," मी म्हटलं. "तू आत रडत होतीस. त्यांना ऐकू गेलं. मी म्हटलं, शेजारचं लेकरू आहे."

मी मनगट हलवलं नाही, श्वाससुद्धा जपून घेतला, आणि तिचा हात उचलला जायची वाट बघत बसून राहिले.